बालकल्याणाची न्यायालये : पैसा आणि हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. उन्हाळ्याची संध्याकाळ, वारा नुकता कुठे सुटलेला, आणि अशा वेळी सरकारी अनुदाने व त्यांचे अहवाल यांची कथा ऐकण्यासाठी घरून निघून यावयाचे, हा श्रोत्यांच्या सोशिकपणाचा कळस होय. आम्हांलाही हा विषय एके काळी असाच रूक्ष वाटत असे. तो तसा वाटेनासा का झाला, हे सांगूनच आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमचे जाणे झाले होते. तेथील बालकल्याण समितीच्या कचेरीबाहेर बाकावर सात वर्षांची एक मुलगी बसली होती. अंगावर बालगृहातला धुवट फ्रॉक, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी तिची आजी, पहाटेच्या एसटीने गावाहून आलेली. नात आजीच्या हवाली करावी की नाही, एवढाच प्रश्न होता. पण अखेरचा निर्णय देण्यास निदान तीन सभासद हजर असावे लागतात; त्या दिवशी दोघेच आले. तेव्हा पुढची तारीख मिळाली. आजी उठू लागली तशी मुलीने विचारले, “पुढची तारीख म्हणजे किती दिवसांनी ग, आजी?” आजीला ते सांगता येईना. तिने कारकुनाकडे पाहिले. तो बिचारा सौजन्याने म्हणाला, “एवढा एक महिना, आजी.”

त्या दिवसाची नोंद “बैठक झाली, प्रकरण पुढे ठेवले” अशीच झाली असणार. ती नोंद खोटी नव्हे. कोणी लाच खाल्ली नाही, कोणी उद्धटपणा केला नाही. परंतु त्या मुलीने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्या नोंदीत नव्हते. “किती दिवस?” हा प्रश्न सरकारी वहीत कसा उतरवावयाचा, आणि तो उतरावा म्हणून सरकारने पैसा कसा द्यावयाचा, एवढाच आजचा विषय आहे.

मोठ्यांचे दिवस आणि मुलांचे दिवस यांचे माप एक नसते. दोन वर्षांच्या मुलाचे चार महिने चौकशीत गेले, तर त्याच्या आजवरच्या आयुष्याचा सहावा हिस्सा गेला. साठीला आलेल्या गृहस्थाच्या हिशेबाने ही दहा वर्षे झाली. जमिनीचा दावा दहा वर्षे चालला तर जमीन जागेवर राहते. मूल मात्र जागेवर राहत नाही. ते वाढते, आईचा चेहरा विसरते, ज्या घरी तात्पुरते ठेवले तेथे जीव लावते, आणि मग तेथूनही उचलले जाते. म्हणून मुलांच्या न्यायालयात विलंब हा नुसता कारभारातला दोष राहत नाही. विलंब हाच तेथे निकाल होऊन बसतो.

या गोष्टीचा धडा ज्यांनी पुष्कळ ठेचा खाऊन गिरवला, त्या अमेरिकेतील संयुक्त संस्थानांची हकीकत आज सांगावयाची आहे. परदेशाची उदाहरणे दिली की दोन प्रकारचे श्रोते भेटतात. एकाला वाटते, तिकडे सर्व सोन्याचे. दुसऱ्याला वाटते, तिकडचे इकडे काय कामाचे? आम्हांला दोन्ही मते मान्य नाहीत. त्यांनी जे चांगले केले ते पाहावे, आणि जेथे ते चुकले ते अधिक निरखून पाहावे, कारण चुकीची किंमत त्यांनी आधीच मोजलेली आहे.

मुलांसाठी वेगळे न्यायालय ही कल्पना कायद्यात उतरली ती १८९९ साली, इलिनॉय राज्यात. शिकागो शहरात ते न्यायालय सुरू झाले. त्यामागे खटपट करणाऱ्यांत हल हाउस या सेवागृहातील जेन ॲडम्स आणि ज्युलिया लॅथ्रप या दोन स्त्रिया होत्या. आपल्याकडे मद्रास, बंगाल आणि मुंबई या इलाख्यांनी अनुक्रमे १९२०, १९२२ आणि १९२४ साली बालकांविषयीचे कायदे केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. म्हणजे या बाबतीत आपण जगाच्या फार मागे होतो, असे मुळीच नाही.

पुढे १९१२ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ‘चिल्ड्रेन्स ब्युरो’ नावाचे एक लहानसे खाते उघडले. त्याच्या प्रमुखपदी याच ज्युलिया लॅथ्रप आल्या. हाताशी पंधरा माणसे आणि पहिल्या वर्षाची तरतूद जेमतेम पंचवीस हजार डॉलरांची. एवढ्याशा पैशात देशभरच्या मुलांचे कल्याण कसे करावयाचे? बाईंनी अनाथालय बांधले नाही, की दूध वाटले नाही. त्यांनी मोजणी केली. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलादाच्या गावी एका वर्षात जन्मलेल्या मुलांच्या घरोघर त्यांच्या बाया फिरल्या. मूल जगले की गेले, घरात पाणी आहे की नाही, बापाची मिळकत किती, हे विचारीत गेल्या. त्या काळी तेथे देशभर जन्मनोंदणीसुद्धा धड होत नव्हती. मोजणीअंती दिसले ते असे, की जेथे बापाची मजुरी कमी तेथे तान्ह्या मुलांचे मृत्यू अधिक. हे गरिबांना ठाऊक होते. सरकारला ठाऊक नव्हते. कागदावर आकडा आला तेव्हा कळले. मुलांच्या न्यायालयांना मिळणारा पैसा आणि त्याचा हिशेब पुढे ज्या खात्याकडे आला, ते हेच खाते होय. त्याची सुरुवातच मोजणीने झाली, हे ध्यानात असू द्यावे.

आता मधली वर्षे ओलांडून १९८० सालाकडे येऊ. तोपर्यंत अमेरिकेत एक मोठा अनर्थ साचला होता. आईबाप मारतात, व्यसनी आहेत किंवा सांभाळू शकत नाहीत, म्हणून मूल काढून परक्या कुटुंबात प्रतिपालनासाठी ठेवावयाचे. आणि मग तेथेच विसरून जावयाचे. मुले एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत अठरा वर्षांची होत. तेव्हा १९८० च्या कायद्याने असे ठरविले, की मूल घरातून काढावे लागू नये म्हणून खात्याने वाजवी प्रयत्न केले काय, हे न्यायाधीशाने पाहावे. दर सहा महिन्यांनी प्रकरण तपासले जावे. आणि अठरा महिन्यांच्या आत या मुलाचे कायमचे घर कोणते, यासाठी सुनावणी व्हावी. न्यायाधीशाने तसा शेरा दिला नाही, तर त्या मुलाच्या खर्चापोटी मध्यवर्ती सरकारचा वाटा राज्याला मिळावयाचा नाही.

योजना नामी. तथापि एक गोष्ट राहून गेली. काम न्यायालयावर टाकले, पण कामासाठी पैसा दिला नाही. पूर्वी ज्या प्रकरणात न्यायाधीश एकदा बसत असे, त्यात आता चार-पाच वेळा बसावयाचे; न्यायाधीश तेवढेच, वकील तेवढेच, खोल्या तेवढ्याच. याचा परिणाम काय व्हावा? कित्येक न्यायालयांत छापील अर्ज तयार झाले. त्यावर एक चौकोन, आणि चौकोनापुढे ‘वाजवी प्रयत्न करण्यात आले’ हे शब्द. त्यात एक खूण केली की झाले. खूण केली की राज्याला पैसे मिळतात, न केली तर बुडतात. मग खूण न करण्याची छाती किती न्यायाधीशांना व्हावी? मुलाच्या रक्षणासाठी घातलेली अट अशा रीतीने बिलाच्या पाठीवरचा शिक्का होऊन बसली.

येथे क्षणभर थांबून आपण स्वतःकडे पाहिले तर बरे. सरकारने एखादी अट घालावी आणि ती पाळल्याची खूण करण्याची छापील जागाही त्याच कागदावर द्यावी, हा प्रकार आपल्याला अपरिचित आहे, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणेल काय?

ही चूक १९९३ साली सुधारण्याचा प्रयत्न झाला. त्या वर्षीच्या मोठ्या अर्थविषयक कायद्यात एक लहानसे कलम घालून मुलांच्या न्यायालयांच्या सुधारणेसाठी वेगळा पैसा काढण्यात आला. १९९५ साली पन्नास लाख डॉलर, आणि पुढे वर्षाला एक कोटी. साऱ्या देशाला मिळून एक कोटी! लहानातल्या लहान राज्याच्या वाट्याला ठरावीक पंच्याऐंशी हजार डॉलर, आणि बाकीची रक्कम मुलांच्या संख्येच्या प्रमाणात. पंच्याऐंशी हजारांत एक न्यायाधीश आणि त्याचा कारकून यांचा वर्षाचा खर्चही भागणे कठीण. शिवाय एकूण खर्चाचा चौथा हिस्सा स्थानिक तिजोरीतून घालावयाचा. मग एवढ्याशा पैशाने काय साधणार होते?

साधले ते पैसा देण्याच्या रीतीमुळे. तिच्यात तीन गोष्टी होत्या, आणि तिन्ही आपण विचारात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, पैसा दिला तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला. मुले ताब्यात घेणाऱ्या खात्याला नव्हे. ज्याची सुधारणा करावयाची, त्याच्याच हाती तिची जबाबदारी दिली. न्यायाधीश हे कोणाचे ऐकणारे प्राणी नव्हेत, आणि नसावेतच. त्यांना बाहेरच्या अधिकाऱ्याने शिकवू म्हटले तर ते रास्तपणे हरकत घेतील. पण त्यांच्याच श्रेष्ठांनी त्यांना आरसा दाखविला, तर त्यात पाहणे भाग पडते.

दुसरी गोष्ट, आधी पाहणी, मग योजना, मग खर्च, असा क्रम घातला. पैसा हाती आला की प्रथम इमारतीला रंग द्यावयाचा, हा राजमार्ग बंद झाला. पाहण्या झाल्या तेव्हा ठिकठिकाणी बहुतेक तेच आढळले. सुनावण्या काही मिनिटांत उरकतात. सर्व पक्षकारांना सकाळी एकाच वेळी बोलावतात आणि दिवसभर ओट्यावर बसवितात. वकिलाची आणि आईची पहिली भेट न्यायालयाच्या दाराशी, सुनावणीच्या आधी पाच मिनिटे होते. न्यायाधीशाला या कामाची गोडी लागते न लागते तोच त्याची बदली होते, आणि नवा न्यायाधीश पहिल्यापासून कागद वाचू लागतो. आणि सर्वांत मोठा शोध हा, की आपल्यासमोर किती मुले आहेत आणि ती किती काळ आहेत, हे पुष्कळ न्यायालयांना सांगताच येईना. त्यांच्या वहीत खटले होते, मुले नव्हती.

याच सुमारास, १९९५ साली, तेथील बालन्यायाधीशांच्या राष्ट्रीय परिषदेने एक मार्गदर्शिका काढली. तीत मोठे तत्त्वज्ञान नव्हते. मूल घरातून काढल्यानंतरच्या पहिल्या सुनावणीला साठ मिनिटे द्यावीत, नंतरच्या तपासणीला तीस मिनिटे. प्रत्येक प्रकरणाला घड्याळातली ठरावीक वेळ द्यावी. एका कुटुंबाचे सारे काम आरंभापासून अखेरपर्यंत एकाच न्यायाधीशाने पाहावे. आणि पुढची तारीख ज्याने त्याने जाण्यापूर्वी लेखी हातात घ्यावी, अशा साध्या सूचना होत्या. साध्या म्हणूनच त्या अवघड होत्या. एक तास द्यावयाचा म्हणजे दिवसाकाठी किती प्रकरणे घ्यावयाची याचे गणित मांडावे लागते, आणि ते गणित मांडले की किती न्यायाधीश हवेत ते उघडे पडते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. १९९७ च्या कायद्याने अठरा महिन्यांची मुदत बारा महिन्यांवर आणली. पण मुदत पाळली जाते की नाही हे सांगणार कोण? खात्याचे यंत्र एका क्रमांकाने मूल ओळखी, न्यायालयाचे दुसऱ्या क्रमांकाने. दोन्ही वह्या एकमेकींशी बोलत नसत. तेव्हा २००६ च्या फेब्रुवारीत मंजूर झालेल्या कायद्याने आणखी दोन अनुदाने जोडली, प्रत्येकी एक कोटीची. एक आकडे गोळा करून जुळविण्यासाठी आणि दुसरे न्यायाधीश, वकील व इतर संबंधित यांच्या शिक्षणासाठी. एकूण रक्कम तीन कोटी झाली. सोबत अशी अटही घातली, की न्यायालय आणि खाते यांचे सहकार्य खरोखर आणि सतत चालू आहे, हे दोघांनीही दाखवून द्यावे. २०११ साली आदिवासी जमातींच्या न्यायालयांसाठीही वेगळे दहा लाख डॉलर राखून ठेवले गेले.

मग २०१२ पासून अहवालात पाच आकडे मागण्यात येऊ लागले. पहिल्या कायमस्वरूपी निर्णयाच्या सुनावणीला किती दिवस लागले; नंतरच्या प्रत्येक सुनावणीला किती लागले; मूल कायमच्या घरी पोचेपर्यंत किती गेले; आईबापांचा हक्क संपुष्टात आणावयाचा असेल तर तो अर्ज दाखल होण्यास किती, आणि तो निकालात निघण्यास किती. या पाचही प्रश्नांत बैठका किती झाल्या, परिसंवाद किती भरले, पत्रके किती छापली, हे विचारलेले नाही. पाचही प्रश्न एकच गोष्ट विचारतात : किती दिवस? त्या बाकावरच्या मुलीने जे विचारले, तेच!

श्रोतेहो, येथवर ऐकून कोणास वाटेल, की झाले. आकडा सापडला, रोग बरा झाला. तसे सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. परंतु मापाचीही एक वाईट खोड असते. ज्याचे माप घ्याल, त्याकडेच माणसे धावतात. १९९७ च्या त्याच कायद्यात असे कलम आहे, की मागील बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने मूल बाहेर राहिले, तर काही अपवाद सोडता आईबापांचा हक्क संपविण्याचा अर्ज खात्याने दाखल करावा. हेतू हा, की मूल लोंबकळत राहू नये. पण जी आई तुरुंगात आहे, जी व्यसनातून सुटण्यासाठी औषधोपचाराच्या रांगेत उभी आहे, जिला भाड्याचे घर मिळत नाही, तिचे पंधरा महिने पाहता पाहता सरतात. या घाईचा मार गरीब कुटुंबांना आणि त्यातही कृष्णवर्णीय व मूळ अमेरिकन कुटुंबांना अधिक बसला, ही टीका तेथे आजही जोराने होते. आणि ती आम्हांस बिनतोड वाटते. दिवस कमी केले, पण आईच तोडली, तर तो हिशेब बरोबर कसा म्हणावयाचा?

म्हणून पुढच्या वर्षांत दिवसांच्या जोडीला सुनावणीचा दर्जा तपासण्याचे कामही राज्यांवर आले. न्यायाधीशाने मुलाला नावाने हाक मारली काय? आईला तिच्या भाषेत समजावून सांगितले काय? मूल घरी परत का जाऊ शकत नाही, हा प्रश्न दर वेळी विचारला काय? २०१८ च्या अखेरीस तर त्या जुन्या खात्याने आपला नियम बदलून, मुलाच्या आणि आईबापांच्या स्वतंत्र वकिलाच्या खर्चात मध्यवर्ती पैशाचा वाटा मिळू शकेल, असे जाहीर केले. हा निर्णय हवेतला नव्हता. न्यूयॉर्क शहरात, ज्या आईबापांना वकील, समाजसेविका आणि स्वतः अशा प्रसंगातून गेलेला एखादा पालक, अशी सर्वांची मिळून मदत मिळाली, त्यांच्या मुलांची तुलना एकट्या वकिलाची मदत मिळालेल्यांच्या मुलांशी करण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले, की पहिल्या प्रकारची मुले चार वर्षांच्या अवधीत सरासरी ११८ दिवस कमी बाहेर राहिली. आणि ती घरी लवकर गेली म्हणून त्यांची सुरक्षितता घटली नाही. ११८ दिवस! येथे दिवस कमी झाले ते आईला बाजूस सारून नव्हे, तर आईला हात देऊन. दिवस मोजावयाचेच, पण ते कोणत्या वाटेने कमी झाले, हेही मोजावयाचे, असा याचा अर्थ.

एकूण फळ काय? १९९९ च्या सुमारास अमेरिकेत साडेपाच लाखांहून अधिक मुले प्रतिपालनात होती. २०२३ साली ती साडेतीन लाखांच्या आत आली. हा सर्व महिमा न्यायालयांच्या अनुदानाचा, असे म्हणणे म्हणजे कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला असे म्हणण्यासारखे आहे. दत्तकाला मिळालेले उत्तेजन, नातेवाइकांकडे मूल ठेवण्याचा वाढता प्रघात, खात्यांची बदललेली धोरणे, अशी कारणे पुष्कळ आहेत. परंतु एवढे मात्र खरे, की ज्या न्यायालयांना पूर्वी आपल्यासमोरची मुले मोजता येत नव्हती, त्यांना ती मोजता येऊ लागली. आणि जे मोजले जाते ते निदान नाकारता येत नाही.

आता घरी येऊ. आपल्याकडे हे काम २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालकल्याण समितीकडे दिले आहे. अध्यक्ष आणि चार सभासद, त्यांत निदान एक स्त्री. प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार. महिन्यातून निदान वीस दिवस बैठक. काळजी व संरक्षण हवे असलेले मूल चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणावयाचे. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पुरी करावयाची. पहिल्यांदा पुढे आणल्यापासून चार महिन्यांच्या आत अखेरचा आदेश द्यावयाचा. पैसा मिशन वात्सल्य या योजनेतून येतो. महाराष्ट्रात त्याचे प्रमाण केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस असे आहे. आणि अहवाल? तोही कायद्यातच सांगितला आहे. समितीने दर तीन महिन्यांनी निकालात काढलेल्या आणि प्रलंबित राहिलेल्या प्रकरणांचा अहवाल जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यावा; त्यांनी तो तपासून उपाय सांगावेत; आणि तरीही प्रकरणे साचत राहिली, तर राज्य सरकारने ती समिती बरखास्त करून नवी नेमावी.

पाहा, अमेरिकेला एवढी वर्षे खर्चून जे उभारावे लागले, त्याचा सांगाडा आपल्या कायद्यात आयता उभा आहे. मुदत आहे, पैशाची वाट आहे, अहवाल आहे, अहवाल वाचणाऱ्याचे नावही आहे. उणे काय आहे, ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना दाखविले. मंडळे आणि समित्या यांतील रिकाम्या जागा त्वरेने भरा, असे न्यायालयाला सांगावे लागले. आणि कायद्याचा अंमल नीट होतो की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण नोंदवून घ्यावे, अशी विनंती करावी लागली. रिकामी खुर्ची हा आपल्याकडचा छापील चौकोन होय. अमेरिकेत खूण करून काम उरकीत. आपल्याकडे खूण करणाराच जागेवर नसतो.

आणि प्रलंबित हा शब्दही मोठा फसवा आहे. तीन दिवसांचे प्रकरण प्रलंबित, तीन वर्षांचेही प्रलंबित. नुसती बेरीज वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की तो अहवाल वाचणाऱ्याने चार प्रश्न विचारावेत. मूल पुढे आल्यापासून अखेरच्या आदेशापर्यंत किती दिवस गेले? तारीख किती वेळा पुढे गेली, आणि दर वेळी का? त्या अवधीत मुलाची जागा किती वेळा बदलली? आणि मूल घरी का जाऊ शकले नाही. घर वाईट म्हणून, की घराला हात देणारे कोणी नव्हते म्हणून? या चार प्रश्नांना नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. लागलाच तर एक प्रामाणिक कारकून लागतो, आणि त्याचा पगार वेळेवर निघावा लागतो. पैसा द्यावयाचा तो प्रथम येथे द्यावा.

यात तुमचे-आमचे काम काय, असे कोणी विचारील. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. मुलांची नावे-गावे कायद्याने झाकलेली आहेत, आणि ती झाकलेलीच राहिली पाहिजेत. त्यांत डोकावण्याचा हक्क कोणालाही नाही. पण आपल्या जिल्ह्याच्या समितीत किती जागा भरलेल्या आहेत, गेल्या तिमाहीत चार महिन्यांवर गेलेली प्रकरणे किती, हे आकडे विचारण्यात कोणाचे गुपित फुटत नाही. नगरपालिकेचे नळ किती वाजता येतात, याची चौकशी आपण अगत्याने करतो. वर्षातून एकदा हीही करावी. समितीवर काम करणाऱ्यांत कळकळीची माणसे पुष्कळ आहेत; बैठकीगणिक मिळणाऱ्या भत्त्यावर ती हे जड काम ओढतात. विचारणारा कोणी आहे असे कळले, तर त्यांचे हात बळकटच होतील.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे ऐकण्याची उत्सुकता काही माउलींच्या चेहऱ्यावर आम्हांला दिसते आहे. पुढच्या तारखेला तिसरे सभासद आले आणि ती आजीबरोबर गेली, असे आम्हांला मागाहून कळले. म्हणजे शेवट गोड झाला. अहवालात ते प्रकरण ‘निकालात काढलेले’ या रकान्यात गेले असेल, आणि तेही खोटे नव्हे. मात्र ज्या आजीच्या घरी ती पहिल्याच तारखेला जाऊ शकली असती, त्या घराचा तिचा एक महिना कोणत्याच रकान्यात नाही. सात वर्षांच्या आयुष्याचे महिने होतात चौऱ्याऐंशी. त्यांतला एक आपण घेतला, आणि घेतल्याची पावतीसुद्धा दिली नाही.

सरकारने पैसा द्यावा, तो न्याय करणाऱ्यांच्या हाती द्यावा, आणि त्याचा हिशेब मुलाच्या दिवसांत घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे. हिशेब ही रूक्ष वस्तू खरी. पण ज्याच्यासाठी हिशेब मागणारे आईबाप नाहीत, त्याच्या वतीने तो आपण मागितला नाही, तर दुसरे कोण मागणार?